मुद्दाम चुकवलेला स्वर

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणायचे मुलाच्या आणि बहिणीच्या मनात होते, पण मला आधीच वास लागला.

१. दुकान व मागच्या दोन खोल्या मुलाला द्याव्यात. हल्ली तो येता-जाता भिंतींची मापे घेतो. विचारले तर म्हणतो, रंग काढायचाय. रंगाचा डबा काही अजून दिसला नाही. असो, पोटचा आहे.

२. शिलाई मशीन आणि बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. मोठी कात्री देऊ नये. त्या कात्रीने ती कागद कापेल.

३. चर्चच्या गायनमंडळाच्या मास्तरांना काहीही देऊ नये. मंडळाचे झगे मी शिवत असे. मापे घेताना त्यांचे गाण्यांचे जुने पुस्तक समोर उघडे असे: चार रेघा, त्यांवर चौकोनी टिंबे. मला वाचायला शिकवा म्हटले, तर मास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही गळ्याची मापं घ्या. गळ्यातून काय निघतं ते आमच्यावर सोडा." सगळे हसले. मीही हसले, आणि त्यांची कॉलर अर्धे बोट आवळून शिवली.

मग माझी मीच शिकले. शब्द लॅटिन, अर्थ कळत नसे, पण गाणी ऐकून पाठ होती. एकेक अक्षर टिंबाखाली धरून पाहिले. टिंब चढले की आवाज चढतो. डाव्या टोकाची खूण 'सा' कुठल्या रेघेवर ते सांगते. ती खूण सरकली की सगळे बिऱ्हाडच सरकते, हे कळायला फार दिवस गेले. ठेका नाहीच. बोलल्यासारखे गायचे. पुढे पुस्तकाला वाळवी लागली, ते शिवायला माझ्याकडे आले, तेव्हा कापड बेतायच्या खाकी कागदावर मी ते सारे उतरवून घेतले आणि पाने पत्र्याच्या पेटीत कुलपात ठेवली.

४. माझी पाने मास्तर बघायला म्हणून नेतात आणि आपली म्हणून वाटतात, असा मला संशय आला. म्हणून सायंप्रार्थनेच्या गीतात, दुसऱ्या ओळीत, एक टिंब मी मुद्दाम एक घर वर चढवले. तसे कोणीच गात नाही. जो गाईल तो चोर.

मास्तर सापडले नाहीत, सापडली सून. इस्त्री करताना गुणगुणत होती, आणि नेमका तिथेच तो चढा स्वर आला. म्हणजे ही माझी पेटी उघडते! तरातरा आत गेले. किल्ली बटणांच्या डब्यात जशीच्या तशी; घेऊन पुन्हा तिथेच ठेवत असणार. आणि मग डोक्यात उजेड पडला. ऐकून शिकली असती तर बरोबर गायली असती. चुकली, म्हणजे पान वाचून गायली. या घरात कोणी न शिकवता आणखी एक शिकली होती.

काय गातेस, विचारले. "काही नाही आई, असंच," म्हणाली आणि इस्त्री जोरात फिरवू लागली. मीही कळू दिले नाही. आता ऐकते की रविवारी मंडळात नवे आवाज घेणार आहेत आणि तिने नाव दिले आहे. मास्तर त्याच गीतावर पारखतात.

५. सर्व पाने, पेटी व किल्ली <s>माझ्या मृत्यूनंतर</s> सुनेला द्यावीत. चढवलेले टिंब कोणते, तेही तिला सांगावे. पाने मास्तरांच्या हाती देऊ नयेत. गायचे ते दार उघडे ठेवून.

साक्षीदार:
१. शेजारचे बेकरीवाले (सही). न वाचताच सही करत होते, मी वाचायला लावले. वाचून म्हणाले, "काकू, परीक्षा परवा आहे. तुम्ही त्याआधी वर जाताय का?"
२. समोरचे चष्मेवाले (सही).
सुनेला लाभ असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही. ती दाराबाहेर उभी आहे. पावले ओळखते मी.

ठिकाण: दुकानाची मागची खोली.
दिनांक: १४, शुक्रवार.

खाडाखोड: कलम ५ मधील "माझ्या मृत्यूनंतर" हे दोन्ही शब्द मी साक्षीदारांसमोर खोडले आहेत. त्या जागी "आत्ता, दार उघडून" असे वाचावे.

(सही)