तीन हातांचं पान

प्रिय ठोंब्या,

अभिनंदन! एका पानासाठी टेलिफोनवर माझ्याशी एवढा भांडलास आणि शेवटी जिंकलास. आता तुझी पाठ थोपटू की कान पिळू, ते पत्र संपेपर्यंत ठरवते. तुला कल्पना नसेल, पण गेल्या महिन्यातल्या लिलावात दुसऱ्या टेलिफोनवरून तुझ्याविरुद्ध बोली लावणारी ती हट्टी बाई म्हणजे मी, तुझी ताई. इतक्या वर्षांत आपण एकमेकांशी धड चार शब्द बोललो नाही, आणि बोललो तेही एका परक्या लिलाववाल्याच्या तोंडून, आकड्यांमध्ये. आई असती तर दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घातला असता आणि मग आतल्या खोलीत जाऊन एकटीच हसली असती.

मी त्या लिलावात कशी पोचले ते सांगते. बाबांची नजर गेल्या वर्षापासून उतरत चालली आहे. मावशीने तुला हे सांगितलं असेलच, ती दोन्हीकडच्या बातम्या पोचवते आणि वर 'मी कुणाला काही सांगत नाही' असंही म्हणते. तिच्याकडूनच मला कळतं की तू आता लिफ्ट दुरुस्त करतोस, तुझ्या हाताखाली माणसं आहेत आणि केस पांढरे व्हायला लागलेत. तर लिलावघरातून बाबांना एक जाडजूड पुस्तक आलं. जुन्या चित्रकथांची मूळ पानं विकायला काढली होती, त्यांचे फोटो आणि माहिती. त्यात बाबांचीही काही पानं होती. बाबांना वाचता येत नाही म्हणून मी मोठ्याने वाचत होते, ते आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. ज्या पानांवर आपण गणितं सोडवली, जी आईने कपाटाच्या खणात अंथरली, ती आता लोक काचेआड लावतात, हे ऐकून त्यांना फार गंमत वाटत होती. मी एक पान उलटलं. समोर आपला शिंकोबा होता. तीन हातांचा.

तुला तो दिवस आठवायला माझी गरज नाही, पण माझ्या बाजूने तो कसा दिसला ते तुला कुणीच सांगितलेलं नाही. आपलं घर म्हणजे एक छोटा कारखाना होता रे. खिडकीजवळ बाबांचं टेबल, आणि त्या टेबलापाशी शिंकोबा दर आठवड्याला शिंकणार, जग जागच्या जागी थांबणार आणि तेवढ्या वेळात तो कुणाला तरी वाचवणार. बाबा आधी निळ्या पेन्सिलीने चाचपडायचे, कारण छापखान्याच्या कॅमेऱ्याला निळं दिसत नाही. मग साध्या पेन्सिलीने नक्की करायचे, मग टाकाने शाई. निळा म्हणजे विचार, पेन्सिल म्हणजे निर्णय आणि शाई म्हणजे दिलेला शब्द, हे त्यांनी आपल्याला पाढ्यांच्या आधी शिकवलं. आई वेगळ्या कागदावर संवाद लिहायची, त्यांचे फुगे कापायची आणि त्या उग्र वासाच्या डिंकाने चिकटवायची. शाई वाळली की पेन्सिलीच्या रेघा खोडायचं काम माझं. तुझं काम काहीच नव्हतं. तू टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून बघत राहायचास, कॉलेजात गेलास तरी, आणि रद्दीच्या मागच्या बाजूला लपून शाईने रेघा मारायचास. त्या मी पाहिल्या होत्या. चांगल्या होत्या, पण त्या वयात धाकट्या भावाला असं कोण सांगतं!

मग बाबा तापाने फणफणले. साप्ताहिकाच्या कचेरीतला माणूस पान न्यायला यायचा होता आणि पान अर्धं निळंच होतं. तू म्हणालास, मी करतो. आई म्हणाली, करू दे त्याला. चित्रात शिंकोबा डावा हात पाठीमागे ठेवून पडत्या कपबश्या झेलत होता, आणि बाबांचं त्याच्या उजव्या हाताचं काही ठरलं नव्हतं. वर, मध्ये, खाली असे तीन हात त्यांनी निळ्यात टाकून बघितले होते. त्यातले दोन गाळायचे, हे आपल्या घरात बाहेरचा पाहुणासुद्धा सांगू शकला असता. पण तू बाबांची एकही रेघ गाळायला तयार नव्हतास. त्यांनी काढलंय म्हणजे बरोबरच असणार, म्हणून तिन्ही हात शाईने पक्के केलेस, आणि काय सुंदर केलेस! मी मान खाली घालून रबर फिरवत होते, मला तेव्हा काही कळलंच नाही. आईला कळलं, पण कचेरीतला माणूस दारात घड्याळ बघत उभा होता. तिने तिथल्या तिथे एक नवा फुगा लिहिला, 'एका हाताने भागत नाही हो या घरात!' आणि शिंकोबाच्या तोंडाशी चिकटवून दिला. ते वाक्य शिंकोबाचं होतं की तिचं, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. अंक आला, बाबांनी पाहिला, आणि अंगात ताप असतानाच त्यांनी तुला सगळ्यांसमोर झाडलं. 'पुन्हा माझ्या टेबलाला हात लावायचा नाही!' तू काही बोलला नाहीस. बोलला असतास तर बरं झालं असतं, त्यांचा राग बोलण्याने उतरायचा. मूळ पान कचेरीतून परत आलं तेव्हा त्यांनी त्या माणसाला ते तसंच देऊन टाकलं, डोळ्यांसमोर नको म्हणून. नंतर वाचकांची पत्रं आली, पोरं विचारत होती की शिंकोबाला परत तीन हात कधी येणार. बाबांनी ते कधीच काढले नाहीत. तोवर तू घर सोडलं होतंस. आई गेली तेव्हा आलास, दाराशी उभा राहिलास आणि पाणीसुद्धा न पिता गेलास. बाबा आतल्या खोलीत होते. तू आल्याचं त्यांना कळलं होतं, ठोंब्या. ते तिथेच बसून राहिले आणि तू गेल्यावर मला विचारलं, जेवला का तो?

तर मी त्या पानाची माहिती वाचली. त्यात लिहिलं होतं की हालचाल दाखवण्यासाठी चित्रकाराने केलेला हा धाडसी प्रयोग आहे. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणलं. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, 'ते पान माझं नाही. त्यातली रेघ त्याची आहे.' मग म्हणाले की तीन हात बरोबरच होते, हे त्यांना अंक उघडताक्षणीच दिसलं होतं. आयुष्यभर मी दोन हात खोडत आलो, म्हणाले, आणि त्या गाढवाने एकही खोडला नाही, म्हणूनच मला राग आला. माझी रेघ मी पुष्कळ पाहिली, त्याची एकदाच पाहिली आणि तीही रागाच्या भरात. डोळे आहेत तोवर ते पान पुन्हा एकदा बघायला मिळेल का गं? असं विचारलं त्यांनी मला. बाबा कुणाकडे काही मागत नाहीत, हे तुला माहीत आहे. चहासुद्धा 'झाला असेल तर दे' म्हणतात.

मग मी काय करणार होते? पदर खोचला. तुझ्या भावोजींनी आधी मला वेड्यात काढलं, मग स्वतःची नवी गाडी घ्यायची राहू दे म्हणाले, आणि मग अख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटले की आमची ही लिलावात उतरतेय. लिलाव होता दुपारी. मी शिवणकारखान्यात कापड कापायचं काम करते, तिथल्याच लांब टेबलाशी टेलिफोन कानाला लावून बसले. जेवणाची सुट्टी होती, मशिनं बंद, बायका डबे उघडून माझ्याभोवती बसलेल्या. लिलावघरातली एक मुलगी आपल्या कानाशी बोलते, आपण हो म्हटलं की ती तिकडे हात वर करते, एवढंच असतं ते. शिंकोबाचं पान आलं. आधी चार-सहाजण होते, ते एकेक करून गळाले. शेवटी मी उरले आणि दुसऱ्या टेलिफोनवरचं कुणीतरी. मी पुढची बोली दिली की ते माणूस थांबायचं, आणि मग वाढवायचं, पण मी चढले तेवढी पूर्ण पायरी नाही, अर्धीच. पुन्हा मी, पुन्हा अर्धी. लिलावघरातली ती मुलगी कानात कुजबुजली, मॅडम, पलीकडचे गृहस्थ अर्ध्याअर्ध्यानेच चाललेत, लिलाववाले वैतागलेत.

ठोंब्या, माझ्या हातातली कात्री खाली पडली. दुपारी पलंगावर आपण लिलाव-लिलाव खेळायचो, आईच्या डब्यातली बटणं पैसे म्हणून. मी एक बटण वाढवलं की तू अर्धं वाढवायचास, आणि अर्धं बटण देणार कसं असं विचारलं की ते दाताने तोडून दाखवायला निघायचास. मला रडू यायला लागलं आणि हसूही आवरेना. बायकांना वाटलं पैसे संपले, त्या माझी पाठ चोळायला लागल्या. पैसे संपले नव्हते, अजून दोन-तीन बोल्यांची ऐपत होती. मी त्या मुलीला म्हटलं, देऊन टाका त्यांना. ती म्हणाली, मॅडम, देऊन टाका असं नसतं, तुम्ही फक्त थांबायचं. मग मी थांबले. कारखान्यातल्या एकीने नको नको म्हणताना मला तिच्या डब्यातलं गोड खायला लावलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं की पान गेलं. त्यांनी मान हलवली, त्यांना जणू अपेक्षितच होतं. मग मी बोली कशी झाली ते सांगायला घेतलं, आणि अर्ध्याची गोष्ट ऐकल्यावर ते सरळ होऊन बसले. 'अर्ध्याने?' म्हणाले. मग मला टेबल रिकामं करायला लावलं. त्यावर कितीतरी वर्षांची औषधं, बिलं आणि वर्तमानपत्रं साठली आहेत, तुला बघवणार नाही. मी सगळं उचललं, त्यांनी हाताने चाचपून धूळ पुसली आणि म्हणाले की त्याला कळव, टेबल मोकळं आहे, पण खुर्ची डुगडुगते, बसताना सांभाळून म्हणावं. त्या दिवसापासून ते रोज नवा सदरा घालून बसतात. कुठे निघालात असं विचारलं तर सदऱ्याची बटणं चाचपत बसतात.

आता हे पत्र खरं कशासाठी लिहितेय ते सांगते, इतका वेळ धीर होत नव्हता. पान कुणी घेतलं हे लिलावघर सांगत नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा गोड बोलून त्यांनी मला वाटेला लावलं. म्हणजे तो तूच होतास हे मला ठाऊक नाही रे. अर्ध्याने बोली लावणारी माणसं जगात खूप असतील, आणि त्यातल्याच एखाद्याच्या दिवाणखान्यात आपलं पान एव्हाना भिंतीवर चढलंही असेल. बाबांना मात्र मी छातीठोकपणे सांगून बसले आहे की तो तूच. म्हणून ऐक. तो तू असशील तर पान घेऊन ये. तो तू नसशील तर पानाशिवाय ये. ते तोंडाने पान मागतात, पण दारावर टकटक झाली की आधी मला विचारतात, कोण आहे? लवकर ये, डोळ्यांचे डॉक्टर आता पुढची तारीख देताना माझ्याकडे बघत नाहीत. आणि आलास की त्यांच्या समोर उभा राहू नकोस. त्यांना मधलं काहीच दिसत नाही, समोरचं माणूस अख्खं पुसलं जातं. कडेचं तेवढं अजून दिसतं. तू खिडकीच्या बाजूला उभा राहा, जरासा तिरपा, आणि त्यांना तू सापडेपर्यंत हलू नकोस.

तुझीच,
ताई