नव्या इंजिनाचा नारळ

मंगळवार, दिवेलागणीला

आमच्या होडीत नवं इंजिन बसलं, त्याच्यापुढे नारळही फुटला, आणि मला कळलं कुणाकडून, तर गावाहून आलेल्या मासळीवाल्या शेवंताकडून. वर विचारते, "म्हातारे, तुला नाय बोलावलं?" मी म्हटलं, "गुडघे दुखतात." खोटं बोलले. गुडघे ठणठणीत आहेत.

जुनं इंजिन ह्यांनी घेतलेलं. ते भर पाण्यात बंद पडलं की माझ्या लेकाचा, बाबल्याचा, फोन यायचा. "आये, बाबा काय करायचे गं?" मी इथे लालबागच्या खोलीतून ओरडायचे, "डिझेलच्या पायपात हवा शिरलीय, मेल्या! नट सैल कर, पंप मार, बुडबुडे संपले की नट आवळ." मग इंजिन धडधडायचं ते फोनातून ऐकू यायचं. जाता जाता जेवलीस का, ते पण विचारायचा.

पंधरा दिवस फोन का नाही, ते आज कळलं. नवं इंजिन चावीवर चालू होतं, बंद पडत नाही. चांगलंच आहे की. पोर समुद्रात अडकत नाही. मग मला काय डाचतंय?

तो नट. इतकी वर्षं होडीवर असलेला माणूस एक नट विसरतो? की ठाऊक असूनच विचारायचा? मेला.

नारळाचं सोडलं. उद्या मीच फोन लावणार आणि विचारणार, नव्या इंजिनात तो नट कुठे असतो. सुनेने उचलून "ते कामात आहेत" सांगायचं नाही. उत्तर बाबल्यानेच द्यायचं.