फटाकडी आणि गरम पाणी

मंगळवार, ११ नोव्हेंबर
उद्या निघायचं. मोहीम फटाकडी. नावावर जाऊ नये. लाल चोचीचा, कोंबडीच्या पिल्लाएवढा पक्षी, गवताच्या दाटीत लपतो. आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपमध्ये कुणाकडेही फोटो नाही. मेव्हण्याकडेसुद्धा नाही! (मेव्हण्याच्या यादीत तीनशे दोन जाती, माझ्या यादीत दोनशे सत्त्याण्णव. पण त्याच्या निम्म्या बागेतल्या.)
साहेबांना दाढदुखी सांगितली. बायकोला खरं सांगितलं. रविवारी अकराला तिच्या शिवणाच्या दुकानाचं उद्घाटन. चौदा वर्षं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मशीन चालवली, आता स्वतःचं दुकान. फोटो अर्थात मीच काढणार. शनिवारपर्यंत नक्की ना, म्हणाली. म्हटलं, शनिवारी सकाळीच हजर! तुझ्या कॅमेऱ्यात एक्केचाळीस हजार पक्षी आहेत, मी एकदाही नाही, असंही म्हणाली. टोमणा होता. सोडून दिला.

बुधवार, १२ नोव्हेंबर
चौदा तास. दोन बस, एक टेम्पो. ट्रायपॉड मांडीवर. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, पाईप कुठे बसवायचेत.
लॉजला चार खोल्या, मुक्कामाला मी एकटाच, मागे दलदल. लॉजवाले काका म्हणाले, नळाला पाणी नाही. पिंपातलं पाणी पहाटे चारला तापवून देतो, जेवढ्या बादल्या जातील तेवढ्या लगेच अंगणातल्या हापशावरून भरून ठेवतो, बादल्या किती ते आदल्या दिवशी सांगायचं. एक सांगितली.

गुरुवार, १३ नोव्हेंबर, पहाटे ५.४५
ऐकली!!! क्रीई-चक, क्रीई-चक. धुक्यातून, माझ्या पाठीमागून. चार मिनिटं. वळून कॅमेरा लावेपर्यंत गप्प. अंगावर काटा आला. मोबाइलवर रेकॉर्ड केली. एखाद्या ऐऱ्यागैऱ्याला हा आवाज साधा वाटला असता. त्याला कान तयार लागतो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
आंघोळीत वेळ जातो म्हणून काकांना सांगितलं होतं, उद्या पाणी नको. साडेचारपासून गुडघाभर चिखलात. फटाकडी ढिम्म. एक हाक नाही. तळपायाची आग मस्तकात.
दुपारी कारण सापडलं. घामाचा वास! चाणाक्ष जात. उद्या दोन बादल्या.
आज परतायचं होतं, पण शास्त्र अर्धवट सोडता येत नाही. बायकोला फोन केला. शनिवारी पाचची बस धरली की रविवारी सातला दारात, अकरापर्यंत चार तास हातात. ती म्हणाली, बरं. तिचं नुसतं ‘बरं’ बरं नसतं. पण रेंज कमी होती, म्हणून तसं वाटलं असेल.

शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी ६.३०
दोन बादल्यांचा गुण आला! तब्बल आठ मिनिटं. मध्ये जरा थांबून पुन्हा. म्हणजे जोडी आहे. वासाचा सिद्धांत सिद्ध. यावर लेख लिहिला पाहिजे. रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं.

दुपारी १.००
ग्रुपमध्ये खळबळ. रिटायर्ड डॉक्टर दोन चेल्यांसह सकाळीच गाडी काढून निघालेत. पक्ष्यांच्या बाबतीत डॉक्टरांचा शब्द शेवटचा. मेव्हण्यानं फक्त लिहिलं, दाजी, उद्या उद्घाटन आहे, लक्षात आहे ना? जळतोय.

दुपारी ४.१५
सामान भरलं होतं. डॉक्टर आले. म्हणाले, फोटो मिळाला तर मासिकाच्या मुखपृष्ठावर. सामान काढलं.
दुकान काय, रोजच उघडणार आहे. फटाकडी रोज भेटत नाही. बायकोला असं लिहिलं नाही. बस चुकली, असं लिहिलं.
तिघांनाही आंघोळ सक्तीची केली. माझ्यासकट माणशी दोन बादल्या. काका म्हणाले, आठ? माझी कंबर आहे की काय आहे? म्हटलं, काका, विज्ञानासाठी.

रविवार, १६ नोव्हेंबर, सकाळी ७.००
थवा होता. अर्धा तास झाला तरी थांबेना. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. एक चेला म्हणाला, आयुष्याचं सार्थक झालं.
तेवढ्यात डॉक्टर लेन्स पुसायचं फडकं आणायला लॉजवर गेले आणि आवाज बंद. मी चरफडलो. पाय न वाजवता चालता येत नाही, आणि म्हणे चाळीस वर्षांचा अनुभव! मग अंगणातून डॉक्टरांनीच हाक मारली. गेलो. हापशाशेजारी सात भरलेल्या बादल्या, आठवी अर्धी, आणि कमरेवर हात ठेवून धापा टाकणारे काका. डॉक्टरांनी हापशाचा दांडा हळूच खाली दाबला. क्रीई. वर सोडला. चक.
तिघांनी चिखलाचे पाय धुतले आणि गेले. पाणी भरलेलंच होतं.

सकाळी ११.००
बस पाचला. स्टँडच्या बाकावर बसलोय. आता ती फीत कापत असेल. ग्रुपवर कुणीतरी बादलीचं चित्र टाकलंय. त्याचं एवढं काही वाटत नाही. फीत डोळ्यांसमोरून जात नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर
बस तीन तास उशिरा. दुकानासमोरच्याच स्टॉपवर उतरून तडक आत. दोन गिऱ्हाइकं होती. ती माप घेत होती, तोंडात टाचण्या. मोबाइल माझ्याकडे सरकवला. मेव्हण्यानं काढलेले फोटो. तो कालचा पूर्ण दिवस इथेच होता.
एक फोटो चांगला आहे. पाटी सरळ, उजेड मऊ, ती नव्या साडीत, हातात कात्री. फक्त कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, भलतीकडेच बघतेय. म्हटलं, नवशिक्याची चूक. आधी समोरच्याचं लक्ष वेधून घ्यावं लागतं.
तिनं टाचण्या काढल्या. म्हणाली, त्याची नाही चूक. मी बसस्टॉपकडे बघत होते.
टाचण्या परत तोंडात.
दुपारी दुकानाच्या शटरला तेल घातलं. फार करकरत होतं. तिनं सांगितलं नव्हतं.