कलीपाआजीची बरणी

कारा-बुलाक, २९ जानेवारी

आदरणीय उमसुनायवहिनींना धाकट्या दिराचा, कुबातचा, वाकून सलाम. दादाचे गुडघे, तुमचा रक्तदाब, गाय व्यायली की नाही आणि बर्फाने गोठ्याचं छत बसलं की तगलं, हे सगळं विचारलं असं समजा. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला पहिलं वाक्य पुरं करू देत नाही आणि हे सांगायला बरीच वाक्यं लागणार आहेत. मी बरा आहे. (इथे दिवसातून दहा जण हेच विचारतात, म्हणून सवयीने लिहिलं.)

डिसेंबरात जिल्ह्याने मला, गावच्या एकुलत्या एक आरोग्यसेवकाला, नवं काम लावलं. नव्या वर्षाच्या मेजवान्यांआधी बायकांना सणाचं सुरक्षित, पौष्टिक जेवण करायला शिकवायचं. शाळेतली एक खोली, चार तक्ते, एक विजेची शेगडी. पहिल्या दिवशी मी मेंढीची चरबी निम्मी करा म्हटलं, तर शेजारच्या बातमाने (तिची जीभ तुमच्याच तोडीची) विचारलं की उरलेली निम्मी मेंढीला परत करायची का. दुसऱ्या दिवशी मीठ कमी केलं. तिसऱ्या दिवशी सात जणी उरल्या, त्याही बहुधा शेगडीच्या उबेसाठी. चौथ्या दिवशी, सणाला जे वाढणार ते घेऊन या असं मी सांगितलेलं असल्यामुळे, आपल्या तालांतची म्हातारी आई कलीपाआजी शालीत गुंडाळून एक बरणी घेऊन आली. वांगी आणि लाल मिरची, तिने स्वतः पानगळीत भरून बंद केलेली. झाकण फुगलेलं होतं.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तीन दिवस नुसती चित्रं दाखवत होतो, आता खरी वस्तू हाती लागली. बरणी उंच धरून मी सांगितलं की झाकण फुगलं म्हणजे आत विष धरलं, त्याला वास नाही, चव नाही, एक चमचा माणसाला पुरतो, ही आहे तशी खोल पुरून टाकायची. इतकं चांगलं मी जन्मात कधी शिकवलं नव्हतं. मग आजीकडे लक्ष गेलं. तिचा हात अजून तसाच पुढे होता.

“म्हणजे चाळीस वर्षं मी लोकांच्या ताटात विष वाढत आले?”

बातमा उठली, माझ्या हातातून बरणी काढून घेतली, झाकण उचकटलं, पावाच्या तुकड्यावर चमचाभर घेतलं आणि खाल्लं. (आपल्याकडे म्हातारीचं वाढलेलं नाकारायची छाती कोणाची आहे, वहिनी? तुमच्या सासूबाईंचा करपलेला पुलाव आपण सगळ्यांनी अठरा वर्षं खाल्ला.) मग एकामागून एक बाकीच्या सहा जणी. विषाचा तक्ता त्यांच्या डोक्यावर टांगलेला होता. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मीही चमचा उचलला. आजी हसली. बरणी पुढे ओढून उरलेलं सगळं तिने संपवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, एका चुलीवर दोन किटल्या का ठेवल्यास म्हणून आजी सुनेला ओरडली. किटली एकच होती. घरात हसण्यावारी गेलं. संध्याकाळी तिला थुंकी गिळेना. दुधाच्या गाडीतून आम्ही नऊही जण जिल्ह्याच्या रुग्णालयात गेलो. तिथे दर तासाला डॉक्टर बोटं दाखवून किती म्हणून विचारायचे, आणि बातमा म्हणायची, बोटं तुमची, तुम्हीच मोजा. हसता हसता तिची पापणी मिटायची आणि उघडायचीच नाही. बर्फातून घाट चढून औषध आलं ते आठ जणांपुरतं. मी म्हटलं, माझं राहू द्या. डॉक्टरांनी मला मिठी मारली.

सात जणी घरी परतल्या. आजी पाचव्या दिवशी गेली. श्वासाची नळी घालण्याआधी तिने माझं मनगट धरलं होतं. आवाज जवळजवळ नव्हताच.

“पोरा, तू खाल्लंस म्हणून माझी लाज राहिली.”

हल्ली मी रस्त्याने निघालो की म्हातारे उठून उभे राहतात. आजीच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तालांत मला मानाच्या जागी बसवणार आहे, मेंढीचं डोकं माझ्यापुढे ठेवणार आहे. दादाला सलाम, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवा. थांबतो, शाई गोठत चालली आहे.

आपला,
कुबात

ता. क. मी खाल्लं नाही. चमचा तोंडाशी नेला आणि रुमालात रिकामा केला. मला औषध नको होतं, कारण मला काही झालंच नव्हतं.

ता. क. २. तोवर आजीनेही खाल्लं नव्हतं. बायका खात होत्या तेव्हा ती एकेकीचा हात धरून नको गं, नको गं म्हणत होती. त्या खोलीत माझा धडा एकट्या तिलाच समजला होता. मग तिने मला खाताना पाहिलं. शिकवणाराच खातोय म्हटल्यावर बरणी चांगलीच असणार, नाही का.

ता. क. ३. तालांत लहानपणापासून तुमच्या शब्दाबाहेर नाही. चाळिसाव्याआधी या आणि त्याला हे सांगा. मी तीनदा त्याच्या दारापर्यंत गेलो. तिन्ही वेळा त्याने मला आत बोलावून जेवू घातलं. ही ताज्या कलमांची पानं मुद्दाम वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. येणं होणारच नसेल तर एवढा कागद चुलीत घाला, पहिल्या पत्रातला कुबात तसा बरा माणूस आहे. पण वहिनी, त्याने मेंढी निवडून ठेवली आहे. या.