आरशाचं ऊन

अब्बा, अक्षर वेडंवाकडं आलं तर सांभाळून घ्या. घरात आपण दखनी बोलायचो, पण हे मराठीत लिहितेय, कारण तुम्ही चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलात आणि वाचता तुम्हाला तेवढंच यायचं. शिवाय मी जन्मभर मराठीच शिकवत आले. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होतील. एवढ्या काळात एक ओळ लिहावीशी वाटली नाही आणि आज बसलेय ती एका टीव्हीपायी, हे माझं मलाच खरं वाटत नाही.

झालं असं, की काल रविवारी तुमच्या नातीनं, म्हणजे माझ्या लेकीनं, घरातला जुना टीव्ही भंगारात काढायचं ठरवलं आणि मला नि तिच्या अब्बांना घेऊन मॉल गाठला. क्रांती चौकात गाड्यांच्या गर्दीतच अर्धा तास गेला. मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला मी तीनदा पुढे झाले आणि तीनदा मागे सरले. पाठीमागे माणसांची ही रांग. जिच्या नुसत्या चपलांच्या आवाजानं वर्ग गप्प होतो, त्या मुख्याध्यापिकेला शेवटी लेकीनं दंडाला धरून वर नेलं. तिथला उजेड बघून तुम्हाला तर घेरीच आली असती. छतातून उजेड, भिंतीतून उजेड, काही ठिकाणी पायाखालून. मी हात पुढे करून बघितला, धड सावली पडत नव्हती. टीव्हीच्या दुकानात चाळीसेक टीव्ही एकच धबधबा दाखवत होते आणि तिथली मुलगी मला समजावत होती, की मॅडम, याच्यातला काळा रंग बघा, किती काळा आहे. मला हसू आलं. काळोख नीट दिसावा म्हणून आता एवढा खटाटोप चाललाय, आणि तुमचं सगळं आयुष्य नेमकं त्याच्या उलट कामात गेलं.

ते काम मी लेकीला कधी नीट सांगितलं नाही. तुम्ही, म्हणजे तिचे नाना, अजिंठ्याला कामाला होते, एवढंच तिला ठाऊक. लेण्यांत तेव्हा आजच्यासारखे दिवे नव्हते. तुम्ही आपल्या गावाहून, फर्दापूरहून, सकाळी निघायचात आणि लेण्याच्या दाराबाहेर लाकडी चौकटीचा मोठा आरसा घेऊन उन्हात उभे राहायचात. आरशावर ऊन घ्यायचं आणि आत भिंतीवर टाकायचं, हेच काम. सूर्य सरकला की तुम्ही सरकायचात. पाहुणे आत गेले की आधी त्यांना डोळे मिटायला लावायचात, मग हळूच ऊन सोडायचात. अंधारातून एखादा रंगवलेला चेहरा वर यायचा, आणि माणसं भिंतीकडे बघून खुळ्यासारखी उभी राहायची. दाराकडे मान वळवून कोणी बघायचं नाही.

मी नऊ वर्षांची असताना टीव्हीवाले तिथं शूटिंगला आले. त्यांना ऊन टाकणारा माणूस हवा होता, म्हणून तुम्हाला बोलावलं. एके दुपारी अम्मीनं तुमचा डबा देऊन मला एसटीत बसवलं. मी लेण्यात खांबापाशी उभी आहे, सगळे आपापल्या कामात आहेत, आणि एकाएकी तुम्ही माझ्या तोंडावर ऊन मारता. मी डोळ्यांवर हात घेतला. शहरातल्या माणसांसमोर माझी थट्टा केलीत, म्हणून दिवसभर तुमच्याशी बोलले नाही.

पुढे काही महिन्यांनी तो कार्यक्रम लागायचा होता. तुम्ही गल्लीभर सांगत सुटलात, 'समदे या. आपल्या घरातलं माणूस टीव्हीवर येणारंय.' कोण, ते काही सांगेनात. मिशीतल्या मिशीत हसायचात. सगळे धरून चालले की तुम्हीच. मीही तेच धरून चालले होते, वर्गात सांगूनही आले होते. गल्लीत टीव्ही एकच, मास्तरांच्या घरी. त्या संध्याकाळी त्यांच्या ओसरीत मुंगी शिरायला जागा नव्हती. कार्यक्रम सुरू झाला. भिंती दिसल्या, चित्रं दिसली, दरी दिसली, तुम्ही काही दिसेनात. लोकांची चुळबुळ सुरू झाली. मागून कोणीतरी म्हणालं, 'लई येळ झाला चाचा, तुमचं माणूस लेणीतच राह्यलं का काय?' हशा पिकला. माझ्या वर्गातल्या दोघी तोंडावर हात धरून हसत होत्या. मी उठून उभी राहिले.

'अब्बा खोटं बोलतात. ते नुसता आरसा धरतात, त्यांना कोण दाखवणार?'

हे मी मराठीत बोलले, अब्बा. घरात कधी तुमच्याशी मराठीत न बोलणारी मी, सगळ्यांना नीट कळावं म्हणून मराठीत बोलले. तुम्ही उठलात, चप्पल पायात घातलीत, मास्तरांना येतो म्हणालात आणि माझा हात धरून निघालात. वाटेत मला एकच विचारलंत, उद्या शाळेला पेन्सिल आहे का. आपण घरी पोचतोय न पोचतोय तोच गावची लाईट गेली, आणि पुढचा कार्यक्रम कोणालाच बघायला मिळाला नाही. त्यानंतर तुम्ही हा विषय काढला नाही. पण कितीतरी आठवडे त्याच दिवशी, त्याच वेळेला तुम्ही मास्तरांकडे जात होतात. आम्हाला वाटायचं, गप्पा मारायला जाता.

काल संध्याकाळी नवा टीव्ही लागला. चहा घेऊन बसलो, तर लेक म्हणाली की अम्मी, पहिला कार्यक्रम तुझ्या काळातला लावू, आणि तिनं रिमोटमध्ये तोंड घालून अजिंठा म्हटलं. जुन्या कार्यक्रमांची ही लांबलचक यादी आली. तिनं त्यातला एक लावला आणि नुसत्या संगीतावरून मी ओळखला. रंग विटलेले, मधूनच चित्र हलतंय. बंद कर म्हणणार होते, पण भिंतीवरचं ते ऊन दिसलं. चेहऱ्याच्या जरा खाली येऊन थांबायचं आणि मग वर चढायचं. तो हात तुमचा, दुसऱ्या कोणाचा असूच शकत नाही. मी बघत राहिले. मास्तरांच्या ओसरीतून आपण उठलो ती जागा आली नि गेली. मग त्या उन्हानं चित्र सोडलं, खांबावरून घसरत खाली आलं आणि दोन वेण्यांच्या, हातात डबा धरलेल्या एका पोरीच्या तोंडावर थांबलं. ती चिडली, तिनं डोळ्यांवर हात घेतला. कॅमेरा तिच्याकडे वळला आणि तिथंच राहिला. आणि मागून तुमचा आवाज आला.

'हात निकाल बेटा, मुँह दिखने दे.'

पंचवीस वर्षांनी तुमचा आवाज ऐकला, अब्बा. चहा मांडीवर सांडला, भाजलं, ते मला नंतर कळलं. लेक घाबरून पाणी आणायला धावली. घरातलं माणूस म्हणजे मी होते. तुम्ही स्वतःसाठी गल्ली गोळा केलीच नव्हती. हे एवढं तुम्ही पोटात ठेवलंत, माझा चेहरा अचानक यावा म्हणून, आणि मी त्याच्या पाचच मिनिटं आधी उभी राहून सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं ठरवलं. तुम्ही तरी का उठलात? तुम्हालाही वाटलं असेल की तेवढं त्यांनी कापून टाकलं. तरी तो कार्यक्रम पुन्हा लागेल म्हणून आठवडेच्या आठवडे मास्तरांकडे जात राहिलात. आणि नंतर का सांगितलं नाहीत? एकदा रागावला असतात, एक थप्पड दिली असतीत, तर कालचा धक्का मला निदान सोसला असता. मी ते दृश्य काल सात वेळा बघितलं. प्रत्येक वेळी मनात म्हणते, काढ ग हात. शेवटी ती पोर हात काढते आणि थेट तुमच्याकडे रागानं बघते.

लेक माझ्या गळ्यात पडली. अम्मी, ही तू, आणि हा नानांचा आवाज, असं पुन्हापुन्हा म्हणत राहिली. मग म्हणाली की तुला टीव्हीवर बघून नाना किती खूश झाले असतील, सगळी गल्ली होती का? मी हो म्हणाले. सगळी गल्ली होती, आम्ही सगळ्यांनी मिळून बघितलं, म्हणाले. नाना काय म्हणाले, असं तिनं विचारलं, तर म्हटलं, हसले आणि मला उचलून घेतलं. तिनं ते लगेच मैत्रिणींना फोन करून सांगितलं. हे पत्र मी कुलपाच्या कपाटात ठेवणार आहे. तुम्हाला ते पोचणार नाही, हे मला कळतं. मला भीती आहे ती तिच्या हाती लागेल याची.