पानावरचं मीठ

बाबा,

हल्ली खानावळीत ताट वाढताना मी सगळ्यांत आधी मीठ वाढते. स्टीलच्या ताटात, वरच्या बाजूला मधोमध, चिमूटभर. तुम्ही पानावर वाढायला लावायचात, तसंच. पहिल्या दिवशी गिऱ्हाइकं हसली. टेबलावर मिठाची डबी असताना हे कशाला, असं एकानं विचारलंसुद्धा. मी म्हटलं, आमच्या घरची रीत आहे, गुमान जेवा. खरं कारण त्यांना नंतर कळलं. तुम्हाला ते सगळं नीट सांगावंसं वाटतं, कारण न समजावता समजेल असे तुम्ही एकटेच होतात, आणि तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्या हातचं जेवलेली माणसंही फारशी उरली नाहीत.

मला किडनीचा कॅन्सर आहे, बाबा. एक किडनी काढली, पण तोवर तो फुप्फुसात जाऊन बसला होता. नागपूरचे डॉक्टर भले आहेत, गोड बोलून फसवत नाहीत. म्हणाले, "मुळापासून जाईल असं मी म्हणणार नाही. पण गोळ्यांनी थोपवून धरता येतो, आणि तेवढ्यात माणूस आपलं कामधाम करत राहू शकतो." मला त्यातलं शेवटचं तेवढं ऐकू आलं. पुण्याहून आलेल्या माझ्या मुलाला शेवटचं सोडून बाकीचं सगळं ऐकू आलं. तो म्हणाला, खानावळ बंद कर आणि माझ्याकडे चल. त्याचंही बरोबर आहे. पण त्याच्या तिसऱ्या मजल्यावर बसून मी काय करणार? सुनेच्या ओट्याशी उभी राहून त्या चांगल्या पोरीच्या चुका काढत बसेन, म्हणजे दोघांच्या संसाराला एक आजार आणि वर एक मी. मी सांगून टाकलं की जोवर माणसं माझ्या हातचं जेवतायत, तोवर माझी चूल चालू. तो म्हणाला, आणि नाही जेवली तर? मी म्हटलं, तर मीच कुलूप लावीन. तोंडाचा ताबा मला कधीच नव्हता, हे तुम्हाला माहीत आहे.

आई गेल्यावर मला घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून तुम्ही मला कामावर न्यायला लागलात. जळगाव जामोदच्या पलीकडची, सातपुड्याच्या पायथ्याची गावं. कुठं लग्न, कुठं तेरवी, कुठं भंडारा. सायकलच्या दांडीवर मी, मागं कॅरिअरला बांधलेले झारा आणि सराटा, आणि वाटेत खड्डा आला की ते दोघं एकमेकांवर आपटून वाजायचे. लोक म्हणायचे, आचारी आला. मी अजून ते ऐकते. देवळामागं जमिनीत चर खणलेला आहे, त्यात कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ भडकलाय, वर वांग्याच्या भाजीचं मोठं गंज आहे, आणि तुम्ही धोतराचा सोगा खोचून मिठाच्या पोत्यात हात घालताय. मीठ तुम्ही मुठीनंच टाकायचात. मूठ भरायची, हात थोडा खालीवर करून जोखायची, आणि मग गंजाच्या कडेकडेनं फिरवत सोडायची. मी विचारायची, किती टाकलं? तुम्ही म्हणायचात, मुठीले ठावं.

नैवेद्य निघेपर्यंत कुणी काही चाखायचं नाही, हा तुमचा कायदा. तो मी एका भंडाऱ्यात मोडला. तुमची पाठ फिरली तशी पळीतला रस्सा तळहातावर घेतला आणि चाटला. भाजी अशी झाली होती की माझ्या तोंडून चक्क 'वा' निघालं, आणि तिथंच मी सापडले. तुम्ही हात उगारला नाहीत. नैवेद्य होऊन पंगत बसली तशी मनगट धरून मला तिच्या टोकाला नेऊन उभं केलंत. "उद्यापासून जीभ घरी ठिवून येत जाय," तुम्ही म्हणालात. "येताना फक्त डोये घेऊन ये." मला रडू फुटलं होतं. तुम्ही शेजारी बसलात आणि दाखवायला लागलात. "पाह्य इकडं. पंगतीतला माणूस भाजीले नावं ठिवत नाई. जेवाले बोलावलं, तो कायले बोलंन? पन पान बोलते. पानावरचं मीठ सरलं, म्हंजे आपली भाजी अळणी. मीठ जागच्या जागी, आन पानीवाल्याले हाका जास्त, म्हंजे आपून खारट केली." त्या दिवशी पंगत उठली तेव्हा सगळ्या पानांवर मिठाच्या ढिगल्या तशाच होत्या, आणि पाणी वाढणारा कंटाळून खांबाला टेकून उभा होता. तुम्ही खांद्यावरच्या पंच्यानं माझं नाक पुसलंत.

पुढं मी लग्न होऊन मलकापुरात आले, विधवा झाले आणि स्टेशनच्या रस्त्यावर खानावळ टाकली. तुमच्या मुठीवर तर पोट भरलं माझं. टेबलं आली, स्टीलची ताटं आली, पानावरचं मीठ कधी सुटलं ते कळलंही नाही. माझ्याकडं पोळ्या करायला एक बाई आहे. आम्ही दोघी इतकी वर्षं एकमेकींशी भांडतोय की आता भांडण नसलं तर गिऱ्हाइकं विचारतात, बरं नाही का? ती मला ताई म्हणते आणि मी तिला पोळ्यावाली. सगळा गावच तिला तसं म्हणतो.

गोळ्या सुरू झाल्या आणि थोड्याच दिवसांत माझी जीभ गेली. दिसायला आहे, बोलायला तर भरपूर आहे, पण चव म्हणून काही नाही. सगळं भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं लागतं. त्यातच तळहात आणि तळपाय लाल होऊन सोलायला लागले. मिठाच्या बरणीत हात घातला तर भेगांतून असा जाळ निघायचा की डोळ्यांत पाणी. म्हणून मी चमच्यानं मीठ टाकायला लागले. मूठ गेली आणि जीभही गेली. आचाऱ्याच्या लेकीजवळ आणखी काय असतं, बाबा? तरी मी कुणालाच काही सांगितलं नाही, ना मुलाला, ना पोळ्यावालीला, ना डॉक्टरांना. गोळी चालू राहावी आणि चूलही, एवढंच मनात होतं.

थंडीचे दिवस होते. रेल्वेतले एक पेन्शनर काका आमच्याकडं रोज जेवतात, जेवताना पाणी पिऊ नये असं दुसऱ्यांना सुनावणारे. ते मला दोन घासांमागे पाण्याचा पेला तोंडाला लावताना दिसले. मग मी इतरांकडं पाहिलं. टेबलांवरचे पाण्याचे जग रिकामे. कडाक्याच्या थंडीत जग रिकामे. मी सराटा हातात धरून तशीच उभी राहिले आणि मला ती पंगत दिसली, तुमच्यासकट.

आत जाऊन मी पोळ्यावालीला विचारलं, "भाजी खारट होऊन राह्यली का?"

"कोन म्हनते?" तिनं लाटणं थांबवलं नाही.

"पानी म्हनते."

तिनं लाटलेली पोळी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "हाव. लय रोज झाले."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"कसं सांगाव? तुमी त्या सोललेल्या पायानं उभ्या राहता. सगळ्याइनंच ठरवलं, चूपचाप खाचं. म्या वरनात मीठ टाकनं बंद केलं. भाजी-वरन कालवून खाल्लं का बरोबर होते."

खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं म्हणतात ती हीच असावीत, फक्त मीठ जरा जास्त होतं. पण तेव्हा मला हसू आलं नाही. माझं डोकं भणाणून गेलं. मुलाला दिलेला शब्द आठवला. माणसं माझ्या हातचं जेवत नव्हती, माझी कीव जेवत होती. मी फडताळातून कुलूप काढलं आणि तिच्यासमोर आपटलं. म्हटलं, उद्यापासून बंद. तिनं कुलूप उचललं, पिठाच्या हातानं पुसलं आणि परत फडताळात ठेवून दिलं. "तुमची जीभ गेली त काय झालं," ती म्हणाली, "माही हाय ना." आणि मग, जसं काही ती मीठच मागतेय तशा आवाजात, "या खेपेले नागपूरले म्या येतो तुमच्यासंगं. एकट्या जाऊन काय सांगता त्या डाक्टरले, देव जाणे."

गाडीत तिनं मला खिडकी दिली आणि बडनेऱ्यापर्यंत झोपून गेली. दवाखान्यातल्या बाकावर शेजारी दुसरबीडकडचे एक काका होते, कांद्याचं बियाणं करणारे. त्यांनी माझे हात पाहिले आणि आपले पुढं केले, तसेच सोललेले. "तुम्हाला बी त्याच गोळ्या काय?" ते म्हणाले. "मला पयल्यांदा वाटलं, आता हे असंच. कुणाला बोललोच न्हाई. मग अन्न जाईना, उठवंना, तवा बायकोनं ओढत आणलं. स्टीलचा चमचा सोडा बाई, लाकडाचा घ्या, तोंडात लोखंड आल्यावानी लागत न्हाई." आपल्यासारखंच दुसऱ्याला होतंय हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की त्याची लाजच वाटली. आत गेल्यावर मी नेहमीप्रमाणे "ठीक आहे" म्हणणार, तेवढ्यात पोळ्यावालीनं माझे दोन्ही हात उलटे करून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. तिथली सिस्टर माझ्यावर चिडलीच. म्हणाली, हे आधी सांगितलं असतं तर इतकं झालंच नसतं, मध्ये थोडे दिवस थांबून डोस कमी करता येतो. हातापायांना लावायला मलम दिलं. रक्तदाब वाढलाय, एकच किडनी आहे, म्हणून मला मीठ कमी खायला सांगितलं. पोळ्यावाली म्हणाली, "आयका, म्याडम बी तेच म्हनते."

परतीच्या गाडीत मला तुमचा तांब्या आठवत होता. शेवटच्या आजारात तुमच्या खाटेखाली तांब्या असायचा. मी दुपारी पलीकडच्या स्वयंपाकघरातली कामं उरकून यायची, तर तो कोरडा असायचा, आणि तुमचे ओठही. "हाक काऊन नाई मारली?" मी ओरडायची. तुम्ही म्हणायचात, "आचारी पंगतीत बसून पानी मागते का?" मला तेव्हा त्या बोलण्याचा फार अभिमान वाटायचा. आता वाटत नाही. आता वाटतं, बाबा, मी भिंतीपलीकडंच तर होते. एक हाक मारायची होती.

तर असं ताटात मीठ आलं. डोस कमी झाल्यावर हात बरेच निवलेत, पण जीभ काही परत आली नाही. मी फोडणी देते, मसाला वाटते, भाजी किती शिजली ते वासावरून आणि रंगावरून सांगते. मीठ पोळ्यावाली टाकते, तिच्या मुठीनं. तिची मूठ माझ्याहून मोठी, म्हणून पहिल्यांदा आमचं त्यावरूनही भांडण झालं. जेवणं झाली की मी ताटं पाहत फिरते. सुरुवातीला मिठाच्या ढिगल्या इतक्या साबूत दिसायला लागल्या की मीच चकित झाले. एकदा भाजीत मीठ टाकायचं दोघीही विसरलो, त्या दिवशीसुद्धा ढिगल्या साबूत. गिऱ्हाइकांना माझी युक्ती कळली होती. पोळ्यावाली लाटणं घेऊनच बाहेर गेली. "बाई ताटं पाहून राह्यली, आन तुमी ताटातून खोटं बोलून राह्यले. अळणी लागलं त मीठ घ्या, नाई त उद्यापासून घरी खा." पेन्शनर काकांनी मुकाट्यानं चिमूट उचलून भाजीत टाकली. मग सगळ्यांनीच टाकली. मी दारातून पाहत होते. माझं जेवण अळणी झालं होतं आणि मला इतका आनंद झाला होता. मुलाला फोन करून सांगितलं की माणसं जेवतायत. तो म्हणाला, पुढच्या स्कॅनला मी येतो, पोळ्यावाल्या मावशींना सांग, खिडकी माझी.

पुढच्या आठवड्यात तो स्कॅन आहे. मला भीती वाटते. दिवसा वाटत नाही, भाजी चिरताना तर मुळीच नाही, पण दुपारी सगळं आवरून बसले की वाटते. हे तुम्हाला लिहून तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे मला कळतं. पोचलं असतं तर कदाचित लिहिलंही नसतं, कारण पुढचं तुमच्यासमोर बोलायची माझी छाती झाली नसती.

काल सगळे गेल्यावर मी जेवायला बसले. माझ्याही ताटात पोळ्यावाली मिठाची चिमूट वाढते, रीत म्हणून, आणि मी ती तशीच ठेवते, दवाखान्याचं ऐकायचं म्हणून. काल ठेवली नाही. नैवेद्य नाही, काही नाही, सगळी चिमूट उचलून नुसती जिभेवर टाकली. पाहायचं होतं. काही लागलं नाही. वाळू ठेवावी तसं. मी डोळे मिटून बसले, तरी काही नाही. मग थोड्या वेळानं घशाला कोरड पडली. हळूहळू, पण खरीखुरी तहान. म्हणजे मीठ होतं, बाबा. माझ्या जिभेला कळलं नाही, पण ते होतं. माठ चार पावलांवर होता, उठून घेता आलं असतं. मी उठले नाही. आत पोळ्यावाली भांडी घासत होती, तिला मी हाक मारली आणि पाणी मागितलं.