लाल टू-सीटर: रोख की हप्त्याने?

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून नवं आयुष्य. कारणं दोन. एक, वडिलांच्या प्लॉटचे पैसे खात्यात जमा झाले. दोन, बायकोच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन वीस तारखेला ठरलं. डॉक्टर म्हणाले, नंतर दोन महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही, आणि ड्रेसिंगला, तपासणीला मात्र सारखं यायचं. आमच्या घरात गाडी तीच चालवते. माझ्याकडे सत्तावीस वर्षांपासून लायसन्स आहे. एकदा चालवलीही होती, लायसन्स मिळालं त्याच आठवड्यात. गेटच्या खांबाने मध्ये यायला नको होतं.

ठराव: आता मी चालवणार. पण आमची जुनी गाडी नाही. तिच्या क्लचला बायकोची सवय झालीये, तो माझं ऐकणार नाही. मी घेणार लाल टू-सीटर. स्पोर्ट्स कार. ऑटोमॅटिक. शोरूममध्ये एकच उभी आहे. प्रश्न एवढाच उरलाय: रोख की कर्ज? रविवारपर्यंत निकाल.

५ मार्च, गुरुवार

रोखच. व्याज नाही, कटकट नाही. ठरलं.

दुपारी सर्व्हेला गेलो. चोवीस वर्षं इन्शुरन्स कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्यांचं नुकसान मोजतोय, पण आज नेमकी टू-सीटर निघावी! पिवळी. बॉनेट पार डॅशबोर्डपर्यंत आत गेलेलं. मालक शेजारी उभा, हाताला प्लास्टर. म्हणाला, पंधराच दिवस झाले हो घेऊन, सगळी रोख दिली होती.

नोंद: मला भीती वाटली नाही. मोजताना टेप हलत होता, पण तो टेपच हलका आहे.

रोख नको. सगळे पैसे एकाच बॉनेटमध्ये घालणं बरं नव्हे.

८ मार्च, रविवार

कर्ज. मेव्हणा बँकेत आहे, त्याला फोन केला. म्हणाला, कर्जच काढा भाऊजी, पैसे हाताशी राहतील. हप्ते साठ. म्हणजे पाच वर्षं जिवंत राहण्याची लेखी हमी द्यायची. ही अट मला जरा जाचक वाटली. तसं सांगितल्यावर म्हणाला, मग रोख घ्या. याला स्वतःचं मत म्हणून नाही.

शेवटी विचारलं, पण भाऊजी, गाडी चालवणार कोण? रेंज गेली. म्हणजे मी घालवली.

निकाल पुढच्या रविवारी. घाईत घेतलेले निर्णय मी रोज पत्रा कापून बाहेर काढताना बघतो.

११ मार्च, बुधवार

टेस्ट ड्राइव्ह. अप्रतिम गाडी. काटा तीनशेवीसपर्यंत जातो. मी चौदापर्यंत नेला. घाम आला, कारण सीट लेदरची. विक्रीवाला मुलगा फार नम्र. म्हणाला, सर, आपल्या मागे पाण्याचा टँकर हॉर्न देतोय, गेटपर्यंत तरी जाऊया का?

गेटपाशी मी उतरलो आणि शेजारच्या सीटवर बसलो. गाडीचा दोन्ही बाजूंनी अभ्यास व्हायला हवा. मग त्याने एकदाच पाय दाबला. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. त्याला आठवतं. तो म्हणाला, सर, तुम्ही आईला हाक मारलीत. मी म्हटलं, आत आवाज कितपत घुमतो ते बघत होतो.

घरी येऊन आडवा झालो. बायकोने लिंबूपाणी दिलं.

१४ मार्च, शनिवार

बुकिंग फॉर्म भरायला गेलो. पेमेंटचा रकाना तूर्त मोकळा सोडून बाकीचं झरझर भरलं. चोवीस वर्षं फॉर्म भरतोय, हात आपोआप चालतो. विक्रीवाला मुलगा वाचता वाचता पांढराफटक पडला. ‘वाहनाचा तपशील’ या रकान्यात मी लिहिलं होतं: ‘चालकाच्या बाजूचे दार दुरुस्तीयोग्य नाही. छत कापावे लागेल. टोटल लॉस.’

मॅनेजर धावत आला आणि कोऱ्या करकरीत गाडीभोवती दोन चकरा मारून आला. मी म्हटलं, सवय हो. हसलो. कोणी हसलं नाही.

चालकाच्या नावाच्या रकान्यात माझं नाव होतं. ते मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

१७ मार्च, मंगळवार

बायको म्हणाली, अजून तीन दिवस आहेत, जुनी गाडी कंपाउंडमध्ये काढ, मी शेजारी बसते, दोन चकरा मारू. मी समजावलं की स्पोर्ट्स कारसाठी तयार होणारा हात असल्या डब्यावर बिघडतो. ती म्हणाली, गाडी कुठलीही असू दे, शुक्रवारी न्यायला येशील ना? मी म्हटलं, वेडी आहेस का, येणारच. रोख की कर्ज एवढंच ठरायचं राहिलंय.

तिने उजवा डोळा झाकून कॅलेंडर वाचून बघितलं. डाव्याने तारीख दिसली नाही. तिने मला सांगितलं नाही, पण मी दारातून बघत होतो.

१९ मार्च, गुरुवार. दुपारी १२

सापडलं! अर्धे रोख, अर्धं कर्ज! इतकं सोपं कसं सुचलं नाही?

दुपारी १२.२०

शोरूमला फोन केला. गाडी काल गेली. एका निवृत्त शिक्षिकेने घेतली. वय एकाहत्तर. पाच वर्षांच्या कर्जावर. स्वतः चालवत नेली. मुलगा म्हणाला, सर, बाईंनी वळणावर हातसुद्धा केला.

मला हायसं वाटलं. म्हणजे वाईट वाटलं. फार.

२० मार्च, शुक्रवार

सकाळी मेव्हण्याने आम्हाला हॉस्पिटलला सोडलं आणि तो बँकेत गेला. ऑपरेशन व्यवस्थित झालं. मी गाडी आणायला घरी आलो. चारला तिला न्यायचं होतं.

दीड वाजता जुन्या गाडीत बसलो. सीट पुढे घेतली. मागे घेतली. आरसा लावला. आरशात गेटचा खांब दिसत होता. गाडी सुरू केली, बंद पडली. चार वेळा. पाचव्यांदा बंद पडली नाही, पुढे सरकली, म्हणून मीच बंद केली. मग नुसताच स्टिअरिंग धरून बसलो. डोळ्यांपुढे चोवीस वर्षांतल्या ठोकलेल्या गाड्यांचे फोटो, आणि प्रत्येकात शेजारची, आज ती बसणार ती सीट.

साडेचारला टॅक्सी बोलावली. पोचायला पाच वाजले. ती बाकावर एकटीच, डोळ्यावर पट्टी, मांडीवर पिशवी, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मान खाली. तिला फरशीशिवाय काही दिसत नव्हतं. हात धरून तिला मागच्या सीटवर बसवलं, शेजारी बसलो. तिने विचारलं, तूच आणलीस ना गाडी? मी म्हटलं, हो.

तिने माझ्या हातावर थोपटलं. मग मान खालीच ठेवून पुढच्या सीटला म्हणाली, दादा, खड्ड्यांवरून जरा हळू घ्या हं.

घरापाशी टॅक्सीवाल्याने विचारलं, रोख देणार की ऑनलाइन? मी दोन्ही बाजूंनी विचार करत उभा राहिलो. बायकोने मान खाली ठेवूनच पर्समधून नोटा काढून दिल्या.

जिन्यात तिला सांगून टाकलं, मला गाडीची भीती वाटते. ती म्हणाली, माहितेय. उद्या ड्रेसिंगला टॅक्सीनेच जाऊ, पण परवा सकाळी जुनी गाडी काढायची, मी शेजारी बसते. मी म्हटलं, अगं, मान खाली घालून तुला दिसणार काय?

म्हणाली, दिसणार नाही म्हणून तर बसतेय.